मातींतील अदृश्य शेतकरी व खाणींचा उपद्रव

गेल्या वर्षीं पौष महिन्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळून वालाचीं दोन रोपें शाळेंत घेऊन आला. एक रोप त्याच्या घरच्या शेतांतील होतें, दुसरें मामाच्या शेतांतील. घरचें शेत कल्याणच्या पूर्वेस, एका दगडखाणीच्या अगदीं पायथ्याशीं; मामाचें शेत तेथून चार-पांच कोस आंत, खाणीच्या सुरुंगाचा आवाजहि जेथें पोंचत नाहीं अशा ठिकाणीं. बीं एकाच मडक्यांतलें, पेरणी एकाच आठवड्यांतली. असें असतां मामाच्या शेतांतील रोप हिरवेंगार, आणि घरचें रोप पिवळट व खुजें. "सर, आमच्याच शेतांतला वाल पिवळा कां?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, पानांवर खाणीची धूळ बसते म्हणून. हें उत्तर सर्वस्वीं खोटें नव्हतें. पण तें अपुरें होतें, आणि अपुरें उत्तर ठासून देणें हा शिक्षकाच्या हातून होणारा मोठाच प्रमाद होय. त्या मुलानें लगेच सांगितलें कीं, त्याच्या आईनें एक वाफा कित्येक दिवस रोज सायंकाळीं पाणी शिंपडून धुतला होता, तरी तो वाफा पिवळाच राहिला. आम्ही निरुत्तर झालों. मग दोन्ही रोपांचीं मुळें बादलींतल्या पाण्यांत अलगद धुवून तीं आम्हीं वर्गापुढें ठेविलीं. मामाच्या रोपाच्या मुळांवर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या पुष्कळ गांठी होत्या. त्यांतील एक नखानें फोडली, तों आंतून ती गुलाबी निघाली. घरच्या रोपाच्या मुळांवर शोधूं जातां चार-दोनच गांठी सांपडल्या. त्याहि बारीक, आणि आंतून पांढुरक्या. जें दुखणें आम्ही पानांवर शोधीत होतों, तें जमिनीखालीं होतें.

त्या मुलाच्या घरीं या प्रश्नाला वेगळेंच महत्त्व होतें. खडी व दगडाची भुकटी रचून ठेवण्यासाठीं तें शेत कोणीतरी भाड्यानें मागत होतें, आणि होळीपूर्वीं काय तें सांगावयाचें होतें. वाल येत नाहीं, भात दरवर्षीं उतरत चाललें आहे, मग जमीन राखून करावयाचें काय, असें त्याचे वडील म्हणत. यास्तव या प्रश्नाचा उलगडा करून घेण्याचा आम्हीं यथाशक्ति प्रयत्न केला. त्यांतून जें हातीं लागलें तें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माती म्हणजे दगडाची निर्जीव भुकटी, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः एक ग्रॅम, म्हणजे जुन्या वजनानें सुमारें एक मासा, चांगली माती घेतली तर तींत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत सूक्ष्म जंतु असतात. आपल्या देशांत जेवढीं माणसें आहेत, जवळजवळ तेवढे जीव शेतांतल्या एका चिमटींत नांदत असतात असें म्हटलें तरी चालेल. जंतु म्हटले कीं आपणांस पटकी व विषमज्वर आठवतात. परंतु मातींतील बहुतेक जंतु निरुपद्रवी आहेत, आणि त्यांतील कित्येकांवांचून शेती चालावयाची नाहीं. गळलेलें पान, भाताचें धसकट, शेण, मेलेला किडा, हें सारें कुजवून पुन्हां पिकाच्या तोंडीं देण्याचें काम तेच करतात. कुजण्यांतून जो अमोनिया निघतो, त्याचें नायट्रेट नांवाच्या क्षारांत रूपांतर करणाऱ्या जंतूंची एक निराळीच जात आहे. हे जंतु वेगळे करून दाखविण्याचें श्रेय विनोग्रॅड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जातें. त्यानें तें काम इ. स. १८९० च्या सुमारास केलें. भाजीपाला, नाचणी इत्यादि कोरड्या जमिनींतील पिकें आपलें बहुतेक नत्र या नायट्रेटच्या रूपानेंच घेतात.

नत्राची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. हवेचे शंभर भाग केले तर त्यांत अठ्ठ्याहत्तर भाग नत्र असतें. एक एकर जमिनीवर जो हवेचा स्तंभ उभा आहे, त्यांत तीस हजार टनांहून अधिक नत्र भरलेलें आहे. पण त्यांतील एक गुंजभरहि पिकाला आपण होऊन घेतां येत नाहीं. समुद्राच्या मध्यावर असून तहानेनें व्याकूळ झालेल्या खलाशासारखी पिकाची स्थिति असते. हें हवेंतलें नत्र धरून पिकाच्या उपयोगी पडेल असें करणारे कारागीर म्हणजे मातींतील कांहीं विशिष्ट जंतु होत. वाटाण्यासारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठी हें काम करतात, असें इ. स. १८८६ त हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें. त्या गांठींतील जंतु वेगळे काढून वाढविण्याचें काम इ. स. १८८८ त हॉलंडांतील बेयरिंक यानें केलें. त्या जंतूंस आज ऱ्हायझोबियम म्हणतात. आपल्या देशांत या विषयाचा अभ्यास इ. स. १९२० त एन्. व्ही. जोशी यांनीं सुरू केला.

वाल आणि ऱ्हायझोबियम यांचा व्यवहार अर्धेलीनें शेत करणाऱ्या दोन कुळांसारखा आहे. वाल आपल्या पानांत उन्हाच्या बळावर साखर तयार करितो व तिचा वांटा मुळांवाटे जंतूंस देतो. जंतु त्या साखरेच्या शक्तीवर हवेंतलें नत्र बांधून वालास देतात. गांठ फोडली असतां जो गुलाबी रंग दिसतो, तो आपल्या रक्तांतील तांबड्या द्रव्याच्या एका नातलगाचा रंग होय. तें द्रव्य गांठींतील प्राणवायूचें प्रमाण नेमकें सांभाळतें. गांठ आंतून गुलाबी असेल तर काम चालू आहे असें समजावें. पांढरी किंवा हिरवट असेल तर एक तर गांठ अद्याप कोंवळी आहे, नाहींतर कारखाना बंद आहे. वाल, चवळी, मूग व उडीद यांचे जंतु साधारणपणें एकाच मोठ्या गटांतले. हरभऱ्याचे मात्र निराळे. एका पिकाचे जंतु दुसऱ्याच्या उपयोगी पडतीलच असें नाहीं.

भाताच्या खाचरांतहि असा एक गुप्त साह्यकर्ता आहे. आषाढ-श्रावणांत खाचरांतल्या उभ्या पाण्यावर जी निळसर हिरवी साय दिसते, तींतील कित्येक सूक्ष्म जीव हवेंतलें नत्र बांधतात. भातशेतांतील त्यांचें हें कार्य पी. के. डे या भारतीय संशोधकानें इ. स. १९३९ त सिद्ध केलें. आपल्या आजे-पणजांनीं पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यांत भात व भाताच्या ओलीवर वाल, अशी जी रीत ठाणें जिल्ह्यांत चालविली, तिच्या पोटीं हें शास्त्र होतें. त्यांना जंतूंचें नांव ठाऊक नव्हतें, पण वालामागून भात चांगलें येतें हें ठाऊक होतें. वालाचें बिरडें आपण चवीनें खातों; त्याच वालानें पुढील भातासाठीं जमिनींत कांहीं मागें ठेविलेलें असतें, हें मात्र आपण विसरतों.

आतां खाणीकडे वळूं. ठाणें व कल्याण हीं शहरें ज्या काळ्या दगडावर उभीं आहेत, तो बेसाल्ट म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं थिजलेला लाव्हारस होय. इ. स. १८५३ च्या एप्रिलच्या १६ व्या तारखेस ठाण्यास आगगाडी आली; पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, ती कल्याणास पोंचली; इ. स. १९१६ त पारसिकचा बोगदा वाहतुकीस खुला झाला. रुळांखालची खडी, रस्ते, पूल, आणि आतांच्या या गगनचुंबी इमारती, या सर्वांस दगड लागतो, आणि तो डोंगर फोडूनच मिळतो. आमच्या शाळेच्या भिंतीहि त्याच दगडाच्या आहेत. तेव्हां खाणवाल्यांच्या नांवानें बोटें मोडून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, डोंगराची किंमत देतांना त्याच्या पायथ्याच्या शेताची किंमत कोणी हिशेबांत धरिली आहे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेसाल्टची धूळ म्हणजे विष नव्हे. त्या दगडांत चुना, मॅग्नेशियम, लोह इत्यादि द्रव्यें असून आपली काळी माती त्याच दगडापासून झाली आहे. कांहीं देशांत तर बेसाल्टची भुकटी मुद्दाम शेतांत पसरून प्रयोग चालले आहेत. मग अपाय होतो तो कोठून? आमच्या मतें त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट पानांची. पानांवर धुळीचा थर बसला कीं सूर्यप्रकाश अडतो, पानांचीं सूक्ष्म छिद्रें बुजतात व साखर कमी तयार होते. साखर कमी झाली कीं मुळांकडे जाणारा जंतूंचा वांटाहि कमी होतो, आणि उपाशी गडी काम करीत नाहीं. म्हणजे धूळ पडते पानांवर, पण तिची झळ गांठींपर्यंत पोंचते. तरी त्या बाईंनीं पानें धुऊनहि वाफा हिरवा झाला नाहीं; यावरून एवढें एकच कारण नव्हतें हें उघड आहे.

दुसरी वाट पाण्याची, आणि आमच्या समजुतीप्रमाणें हीच अधिक घातक. आम्ही एका शनिवारीं शाळा सुटल्यावर त्या शेतावर गेलों. कुदळीनें हातभर खड्डा खणून पाहतों तों वरचीं चार बोटें राखी रंगाचा, पापडासारखा कडक थर, आणि त्याखालीं मूळची काळसर माती. खाणीवर रचलेल्या भुकटीच्या ढिगांतून पावसाळ्याचें पाणी वाहत येतें व त्याबरोबर हा बारीक गाळ खाचरांत येऊन बसतो. आम्हीं तळ काढलेला एक पत्र्याचा डबा जमिनींत रोवून त्यांत तांब्याभर पाणी ओतलें. बांधापलीकडील उंचवट्यावर, जेथें गाळ आला नव्हता, तेथें पाणी बघतां बघतां जिरलें. गाळाच्या जागीं तें घंटाभर तसेंच उभें राहिलें. जेथें पाणी शिरत नाहीं तेथें हवाहि शिरत नाहीं. नायट्रेट तयार करणाऱ्या जंतूंस हवा हवी. वालाच्या मुळांस हवी. गांठींतील जंतूंसहि बेतानें कां होईना, हवी. हवा कोंडली म्हणजे हे सारे मंदावतात व दुसऱ्याच जातीचे जंतु माजतात. ते प्राणवायूसाठीं नायट्रेटच फोडतात, आणि त्यांतील नत्र वायुरूपानें पुन्हां आकाशांत निघून जातें. शेतकरी खत घालतो आणि जंतु तें उडवून लावतात, अशी अवस्था होते.

तिसरी वाट उकरलेल्या मातीची. खाण उघडतांना वरची सुपीक माती प्रथम खरवडून बाजूस ढीग घालतात. पुढें कधीं ती परत पसरली, तरी ती पूर्वींची माती राहत नाहीं. उंच ढिगाच्या पोटांत हवा नसते. तेथें वर्षानुवर्षें पडून राहिल्यास उपयुक्त जंतु, आणि मुळांना पाणी व स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीचे धागे, पुष्कळसे नष्ट होतात. दिसावयास माती तीच, पण तिच्यांतले गडी निघून गेलेले असतात.

हें झालें साध्या दगडाच्या खाणीचें. धातूच्या खाणींजवळ स्थिति याहून कठीण असते, आणि तिचें उदाहरण आपल्या शेजारीं गोमंतकांतच आहे. डिचोली, सत्तरी, सांगें व केपें या तालुक्यांत लोहखनिजाच्या उघड्या खाणी होत्या. एक टन खनिज काढावयाचें तर सुमारें अडीच ते तीन टन निरुपयोगी माती व दगड उकरावे लागत, आणि त्यांचे डोंगराएवढे ढीग खाणींच्या कडेस पडत. त्या प्रदेशीं पाऊस दरसाल तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. ढिगांवरून येणारा तांबडा गाळ ओढ्यांतून भातशेतांत व कुळागरांच्या पाटांत उतरे. इ. स. २०१२ त हें खाणकाम प्रथम थांबलें, २०१५ त पुन्हां सुरू झालें, आणि २०१८ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हां बंद पडलें. परंतु खाण बंद झाली म्हणून पूर्वीं रचलेला ढीग बंद होत नाहीं. पाऊस पडेल तोंवर तो वाहतच राहतो. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्ग तालुक्यांतील कळणें येथें इ. स. २०२१ च्या जुलैंत खाणीच्या खड्ड्यांत सांठलेलें पाणी कडा फोडून गांवांत घुसलें आणि शेतें व बागा चिखलाखालीं गेल्या.

या तांबड्या गाळांत जंतूंचा आणखी एक खेळ चालतो. कोरड्या मातींतील लोहाचा गंज पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून तो फारसा बाधत नाहीं. पण खाचरांत पाणी उभें राहून हवा संपली कीं कांहीं जंतु प्राणवायूच्या ऐवजीं या गंजावरच आपला श्वास चालवितात, आणि तसें करतांना लोहाचें विरघळणाऱ्या रूपांत परिवर्तन करतात. हें विरघळलेलें लोह प्रमाणाबाहेर झालें म्हणजे भाताचीं मुळें त्याच्या तपकिरी पुटानें माखतात, पानांवर कांशाच्या रंगाचे ठिपके पडतात, आणि लोंब्या पोचट राहतात. लोहाचा गंज स्फुरदासहि धरून ठेवतो. एकूण गाळ आणला माणसानें, पण त्यांतलें विष मोकळें केलें जंतूंनीं. जेथें खडकांत गंधक व लोह यांचें संयुग असतें, तेथें हाच प्रकार आणखी उग्र होतो. तेथील जंतु हवा व पाणी यांच्या साह्यानें त्या संयुगापासून गंधकाम्ल तयार करतात, इ. स. १९४७ त अमेरिकेंतील कोळशाच्या खाणीच्या आंबट पाण्यांत असे जंतु ओळखले गेले. मेघालयांतील जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींचें असेंच आंबट पाणी ओढ्या-नद्यांत उतरलें आहे. इतक्या आंबट पाण्यांत आपले उपयुक्त जंतु तग धरीत नाहींत.

जड धातु मातींत शिरल्यावर काय होतें, याचा एक मोठा बोधप्रद दाखला इंग्लंडांत वोबर्न येथील प्रयोगशेतावर मिळाला. तेथें इ. स. १९४२ पासून १९६१ पर्यंत शहराच्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला होता. त्यांत जस्त, तांबें, कॅडमियम इत्यादि धातु होते. गाळ घालणें बंद झाल्यावर वीसहून अधिक वर्षें लोटलीं. नंतर तेथें क्लोव्हर नांवाचें द्विदल गवत लावलें, तें खुजें व पिवळट आलें. मुळांवर गांठी होत्या, पण त्या बारीक व निकामी. नत्र बांधणारे खरे जंतु मातींतून नाहींसे झाले होते; जे धातूंस टिकून राहिले होते, ते गांठ बांधीत, पण काम करीत नसत. असें कां व्हावें? गांठीच्या आंत जंतु बराच सुरक्षित असतो. पण यजमान पीक नसेल त्या काळीं त्याला उघड्या मातींत राहावें लागतें, आणि तेथें धातु त्याच्या शरीरांतील रासायनिक क्रियांवर घाला घालतात. कुजणारा पदार्थ काळानें नाहींसा होतो. धातु कुजत नाहीं. वीस वर्षांनींहि तो जेथल्या तेथेंच होता.

वोबर्नची ही हकीकत डोंबिवलीकरांनीं लक्षपूर्वक वाचावी. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत इ. स. १९६४ मध्यें स्थापन झाली. अंबरनाथ व उल्हासनगरचे कारखाने आणि वालधुनी व उल्हास या नद्यांची कहाणी तर आपणां सर्वांस परिचयाची आहे. डोंबिवलींत इ. स. २०१४ च्या जानेवारींत हिरवा पाऊस पडला आणि २०२० च्या फेब्रुवारींत एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हां सर्वत्र बोभाटा झाला. कारण तो रंग डोळ्यांना दिसत होता. परंतु नाल्याच्या पाण्याबरोबर मातींत शिरणाऱ्या धातूस रंग नसतो. लोहमार्गाच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकविलेला पालक व माठ वर्षानुवर्षें आपल्या बाजारांत येत आला. तो हिरवागार दिसे. पण पान हिरवें आहे एवढ्यावरून माती निरोगी आहे असें मानूं नये. खाणीचा गाळ असो वा कारखान्याचा, मातीच्या दृष्टीनें त्यांत फरक नाहीं. जमिनींत काय उतरलें आणि तें तेथून जाणारें आहे कीं नाहीं, हाच खरा प्रश्न होय.

यावर उपाय काय? सर्वांत पहिला उपाय म्हणजे येणारा गाळ अडविणें. खाणीच्या बाजूस शेताच्या वरच्या कडेनें चर खणावा; त्या चराच्या शेवटीं एक खड्डा ठेवावा, म्हणजे गाळ तेथें बसेल व निवळलेलें पाणी पुढें जाईल. क्रशरवर पाणी फवारणें, भुकटीचे ढीग झांकून ठेवणें व मध्यें दाट झाडांची रांग लावणें हीं खाणवाल्यांचीं कर्तव्यें आहेत, आणि तीं त्यांजकडून करवून घेण्याचा गांवकऱ्यांस अधिकार आहे. दुसरा उपाय म्हणजे बसलेला थर फोडणें. तो जाड नसेल तर खोल नांगरून खालच्या मातींत मिसळावा व भरपूर शेणखत अगर कंपोस्ट घालावें. शेणखतानें माती भुसभुशीत होते, हवा खेळते, आणि जंतूंस खाद्य मिळतें. तिसरा उपाय बियाण्याचा. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणांत त्या त्या पिकाचें ऱ्हायझोबियम गुळाच्या पाण्यांत कालवून चोळावें, बीं सावलींत सुकवावें व लगेच पेरावें. परंतु हवा नसलेल्या जमिनींत नुसते जंतु पेरणें म्हणजे घर न बांधतां गडी बोलावण्यासारखें आहे. तसेंच, वाल पिवळा दिसतो म्हणून मूठ मूठ युरिया टाकण्याचा मोह आवरावा. आयतें नत्र मिळालें कीं झाड गांठींना पोसण्याचें सोडून देतें, आणि मूळचें दुखणें झांकलें जातें. धातूंनीं बिघडलेल्या जमिनीस मात्र हे उपाय पुरे पडत नाहींत. तेथें माती तपासून घ्यावी, आणि दोष आढळल्यास पालेभाजी न लावतां झाडें लावावीं.

पडीक झालेली जमीन पुन्हां जिवंत होते, याचा पुरावा विदर्भांत आहे. नागपूर जिल्ह्यांत गुमगांव येथें मँगॅनीज खाणीचे उजाड ढीग होते. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्या ढिगांत साखर कारखान्यांतील प्रेसमड मिसळून, ऱ्हायझोबियम, ॲझोटोबॅक्टर व मुळांशीं सख्य करणारी बुरशी दिलेलीं रोपें लावलीं. जेथें गवत उगवत नव्हतें, तेथें वृक्ष उभे राहिले. खाद्य, हवा व योग्य जंतु हीं तिन्ही एकत्र दिलीं म्हणूनच हें घडलें. त्यांतील एकट्यानें घडलें नसतें.

आपल्या शेतांतील जंतु जिवंत आहेत कीं नाहींत, हें पाहण्यास प्रयोगशाळा पाहिजेच असें नाहीं. जुन्या, न रंगविलेल्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे घ्यावेत; एक चांगल्या शेतांत व एक संशयित शेतांत वीतभर खोल पुरावा, आणि जागेवर खूण करावी. जमीन दोन्हीकडे सारखीच ओली राहील अशी काळजी घ्यावी. दोन महिन्यांनीं तुकडे काढून शेजारीं शेजारीं ठेवावेत. सुताचा मुख्य घटक सेल्युलोज. तो खाणारे जीव जेथें पुष्कळ, तेथें कापडाची चाळण होते. जेथें ते थोडे, तेथें कापड बरेंचसें शाबूत राहतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग केला. मामाच्या शेतांतला तुकडा उचलतांना हातांत तुटला. घरच्या शेतांतला झटकून पुन्हां नेसतां आला असता, अशी एका मुलानें थट्टा केली. दोन रोपें व दोन चिंध्या यांवरून सिद्धान्त बांधतां येत नाहीं, हेंहि आम्हीं वर्गांत सांगितलें. परंतु रोप, खड्डा, डबा व चिंधी हे चारहि साक्षीदार जेव्हां एकच गोष्ट सांगतात, तेव्हां तिच्याकडे दुर्लक्ष करणें शहाणपणाचें नव्हे.

त्या मुलाच्या वडिलांनीं शेत भाड्यानें दिलें नाहीं. त्यांनीं चैत्रांत वरच्या कडेनें चर खणला, अर्ध्या शेतांतला राखी थर नांगरून फोडला व त्यांत शेणखत घातलें; उरलेलें अर्धें, पैसा पुरला नाहीं म्हणून, तसेंच राहिलें. पावसाळ्यांत चराच्या टोकाचा खड्डा दोनदां गाळानें भरला व दोनदां उपसावा लागला. यंदा पौषांत तो मुलगा, आतां दहावींत आहे, पुन्हां दोन रोपें घेऊन आला. या वेळीं दोन्ही घरच्याच शेतांतलीं. नांगरलेल्या अर्ध्यांतील रोप मामाच्या रोपाइतकें हिरवें नव्हतें. पण त्याच्या मुळांवर गांठी होत्या, आणि फोडल्यावर त्यांतील बहुतेक गुलाबी निघाल्या. दुसऱ्या अर्ध्यांतील रोप गतवर्षींप्रमाणेंच पिवळें. तेथेंहि थोडा वाल दरवर्षीं पेरीत जावा, असें आम्हीं सांगून पाठविलें. कारण यजमान पीक अजिबात नाहींसें झालें कीं उरलेसुरले जंतुहि कमी होत जातात, आणि मग त्यांना परत आणणें अधिक कठीण पडतें.

खाण अद्याप चालूच आहे, आणि येत्या आषाढांत तो खड्डा पुन्हां भरेल. कुदळ घेऊन तो उपसण्यास आमच्या वर्गांतील सात मुलांनीं आपलीं नांवें आतांच दिलीं आहेत.